याले ओंगण कुठी घालतात?

१९९२ च्या दिवाळीत मी एक जुनी मारुती ८०० विकत घेतली. घर अमरावतीला आणि नोकरी अकोल्याच्या एका कॉलेजात, त्यामुळे सोमवारी जाणं आणि शनिवारी येणं एसटीनं चाललेलं होतं. गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी वडील गावाहून आले होते. दर्यापूर तालुक्यातल्या खारपाण पट्ट्यात आमची शेती. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. बाबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, आत हात घालून काहीतरी चाचपलं आणि मला विचारलं, ‘‘याले ओंगण कुठी घालतात?’’

सगळे हसले. मीही हसलो. ‘‘बाबा, ते कंपनीतूनच भरून येते. आपण काही घालायचं नसते,’’ असं म्हणून मी विषय संपवला. मी इतिहास शिकवतो. जुन्या माणसाच्या प्रश्नाला असं झटकून उत्तर देऊ नये, एवढं तरी मला कळायला हवं होतं.

ओंगण म्हणजे वंगण. ज्यांनी लाकडी चाकाची बंडी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बैलबंडीचं चाक ज्या दांड्यावर फिरतं तो आस. चाकाच्या मधला लाकडी गोळा म्हणजे तुंबा. आस आणि तुंबा एकमेकांवर घासतात, म्हणून मध्ये तेलकट काहीतरी हवं. आमच्याकडे एरंडीच्या तेलात काजळी कालवून ते करत. बंडीच्या खाली एक नळा टांगलेला असायचा, त्यात हे काळं ओंगण आणि एक चिंधी गुंडाळलेली काडी. लांबच्या गावाला निघायच्या आधी आसाच्या टोकाची खीळ काढायची, चाक वीतभर बाहेर ओढायचं, आसाला ओंगण फासायचं आणि चाक परत आत सारायचं. आळस केला तर दोन कोसांवर बंडी बोंबलायला लागायची. तिचं ते करकरणं शेजारच्या शिवारात ऐकू जाई आणि बंडीवाल्याची शोभा होई. लाकूड झिजायच्या आधी आवाज व्हायचा, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

वऱ्हाडचा इतिहास कापसाचा म्हणून सांगितला जातो, पण कापूस कुणीतरी वाहून नेल्याशिवाय त्याचा इतिहास होत नाही. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. त्याच्या आधीच्या काळात इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पुढे रेल्वे आली. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही नावं गाडीच्या वेळापत्रकात गेली. रेल्वेनं बंडी संपवली असं आपल्याला वाटतं. झालं उलटंच. शेतातून जिनात आणि जिनातून स्टेशनात माल आणायला बंडीच लागली. १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतरही कित्येक वर्षं खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या रांगा रात्ररात्र उभ्या असत. म्हणजे दीडेकशे वर्षं या प्रदेशाचं पोट ज्यावर चाललं, त्यात एक वाटा ओंगणाचाही होता. गॅझेटियरमध्ये कापसाच्या गाठींचा हिशेब सापडतो. ओंगणाचा कुणी ठेवत नाही.

मोटारी आल्या तरी ही सवय मोडली नव्हती. आमच्याकडच्या रस्त्यांवर ॲम्बेसेडर, फियाट आणि जीप फिरायच्या तेव्हा मिस्त्र्याच्या हातात पान्याबरोबर ग्रीसगन असायची. गाडीच्या खाली ठिकठिकाणी निपल असत. ठराविक मैल झाले की गाडी खड्ड्यावर घ्यायची आणि प्रत्येक निपलला ग्रीस मारायचं. या गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मधल्या लांब दांड्याच्या टोकांना जो जोड असतो, त्याला मिस्त्री लोक ‘क्रॉस’ म्हणतात. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावानं हा जोड ओळखला जातो. क्रॉस खराब झाला की गाडी सुरू होताना खाडकन आवाज देई. ती बंडीचीच बहीण.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली एका ग्राहकाच्या हाती दिली. त्या गाडीनं देशाचं काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचंय ते तिच्या पुढच्या चाकांमागचं. इंजिन पुढे, तेही आडवं, आणि ताकद पुढच्याच चाकांना. मधला लांब दांडा गेला, गाडीत पाय ठेवायला जागा झाली, वजन कमी झालं. बाबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हंजे हे बैलासारखं. वढाचंही त्यानंच आन् वळाचंही त्यानंच.’’ इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पण ओढायचं आणि वळायचं एकाच चाकानं म्हटलं की जोडाची पंचाईत होते. हूकचा क्रॉस सरळ किंवा जरासा वाकलेला असेल तर चांगला चालतो. तोच तीस अंशात वाकवला, तर एका बाजूनं दांडा एकसारखा फिरला तरी दुसऱ्या बाजूचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा पळतो. मंद होतो तेरा टक्क्यांच्या आसपास, पळतो पंधरा टक्क्यांच्या आसपास. मागच्या चाकांच्या गाडीत हा कोन थोडका, म्हणून कळत नाही. पुढच्या चाकाला मात्र चौकात वळताना तेवढा कोन सहज होतो, आणि मग स्टिअरिंग हातात हिसके मारतं. जगभरातले इंजिनिअर या कोड्यावर अडले होते. १९३४ साली फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीनं पुढच्या चाकांनी चालणारी मोटार मोठ्या संख्येनं बाजारात आणली, तेव्हा सुरुवातीला या जोडांनीच तिला छळलं.

उत्तर सापडलेलं होतं १९२० च्या दशकातच. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अमेरिकेतल्या इंजिनिअरनं एक वाटी घेतली. वाटीच्या आतून सहा वळणदार खाचा. आत एक पोलादी गड्डा, त्यालाही बाहेरून सहा खाचा. मध्ये सहा छर्रे, आणि छर्रे जागेवर धरायला एक पिंजरा. जोड कितीही वाकला तरी सहाही छर्रे त्या कोनाला बरोबर दुभागणाऱ्या पातळीत राहतात, म्हणून दोन्ही दांडे एकाच वेगानं फिरतात. सीव्ही जॉइंट म्हणतात तो हा. सीव्ही म्हणजे सारखा वेग. १९५९ मध्ये इंग्लंडात अॅलेक इसिगोनिस यांची छोटी मिनी मोटार आली ती याच तऱ्हेच्या जोडावर, आणि तिथून आडव्या इंजिनाच्या लहान मोटारींची वाट खुली झाली. आपली मारुती त्याच वाटेनं जपानमार्गे आली.

या वाटीत ग्रीस लागतं. साधं नाही, मॉलिब्डेनम घातलेलं काळं. दिसायला अगदी ओंगण. आणि ते फार नाही, मूठभर. वाटीचं तोंड उघडं ठेवता येत नाही, कारण जोड सारखा वाकत असतो, म्हणून त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट. लहान मुलांच्या पिपाणीच्या भात्यासारखा दिसतो. दोन्ही टोकांना पट्ट्या आवळलेल्या. साधं रबर खनिज तेलात फुगून मऊ पडतं. तेलाला पुरून उरणारं निओप्रीन अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालं, आणि पुढे कित्येक वर्षं असे बूट त्याचेच होत गेले. आता वेगळ्या तऱ्हेचं कडक प्लॅस्टिकही वापरतात.

निपल गेला, ग्रीसगन गेली. कंपनीनं ग्रीस एकदा भरलं आणि बूट चढवला, की मालकानं विसरून जायचं. माझं बाबांना दिलेलं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. बूट शाबूत आहे तोवर ते खरंच होतं.

आमच्या भागात तो शाबूत राहणं कठीण. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रबराच्या घड्या सुकून तडकतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चाकाच्या आत चिकटतो आणि वाळला की विटेसारखा होतो. उन्हाळ्यात शेताच्या पांदीनं गाडी घातली तर ज्वारीची धसकटं आणि पऱ्हाटीचे खुंट खालून वर बोट दाखवत उभेच असतात. उंदीर आहेत ते वेगळेच. बूट फाटला की काय होतं? ताशी साठच्या वेगानं मारुतीचं चाक सेकंदाला दहाएक फेरे घेतं. एवढ्या फिरण्यात बोटभर चिरेतून ग्रीस बाहेर भिरकावलं जातं. गेलेल्या जागेवर माती येते. उरलेलं ग्रीस आणि माती मिळून जे तयार होतं, त्यानं तुम्ही तांब्याची भांडी घासू शकाल. छर्रे त्या खाचांतून प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे सरकत असतात.

आवाज? नाही. सुरुवातीला काहीच आवाज नाही. पुष्कळ महिन्यांनी, पूर्ण वळण घेताना बारीकसं ‘कट्-कट्-कट्’ ऐकू येतं. तो आवाज खाचा झिजल्याचा असतो. बंडी नुकसान व्हायच्या आधी ओरडायची, हा जोड नुकसान झाल्यावर बोलतो.

मिस्त्र्यांना हे शिकायला वेळ लागला. अधिकृत सेवा केंद्रं तेव्हा मोजक्या मोठ्या शहरांत. अकोल्यातले आमचे मिस्त्री ट्रक आणि ॲम्बेसेडरवर तयार झालेले. त्यांच्याकडे पहिली मारुती आली तेव्हा रिंगच्या आतले काळे शिंतोडे पाहून त्यांनी आधी ब्रेक उघडला होता, असं ते स्वतःच हसत सांगायचे. पुढे बूट सापडला, पण नवा मिळेना. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळायचा. महिन्याभरात तो ग्रीसमध्ये फुगून घसरायचा. एकानं चामडं शिवून पाहिलं. कुणी पिवळं साधं ग्रीस भरलं. अशा खटपटींतून काय चालतं आणि काय नाही याची एक विद्या गॅरेजागॅरेजांत साठत गेली. तिचा कुठं कागद नाही. मारुती व्हॅनचे मालक मात्र या सगळ्यापासून लांब होते. तिची ताकद मागच्याच चाकांना.

१९९६ च्या सप्टेंबरात याच मिस्त्र्यांनी माझ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून मला खाली वाकायला लावलं. डाव्या चाकामागचा बूट एका घडीत अर्धा फाटला होता. ‘‘सर, आता लावून घ्या. खर्च तीनशाच्या आत. नाई तं मंग माती पुरा जॉइंट खाईन.’’ मला चार वाजताच्या आत अमरावती गाठायची होती. ‘‘पुढच्या शनिवारी पाहू,’’ म्हणालो. असे किती शनिवार गेले ते मोजलं नाही. नोव्हेंबरात राजकमल चौकात वळताना कट्-कट् सुरू झालं. मी टेपचा आवाज थोडा वाढवला.

डिसेंबरात एका संध्याकाळी अकोल्याहून फोन आला. माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, अत्यवस्थ होती. बाबा नेमके आमच्याकडेच होते. आई लहानपणीच गेल्यामुळे याच बहिणीनं त्यांना वाढवलेलं. आम्ही दोघं साडेसातला निघालो. बडनेरा मागे पडलं, कुरुम आलं. मानाच्या अलीकडे समोर एक ट्रॅक्टर आडवा वळत होता, त्याला चुकवायला मी गाडी खाली उतरवली आणि परत रस्त्यावर घेताना डावीकडून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी जागची हलत नाही. पिंजरा फुटून छर्रे निसटले होते. एका बाजूचा जोड गेला की सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला जाते आणि दुसरं चांगलं चाकही काही करत नाही.

अंधार. तेव्हाचा सहा नंबरचा महामार्ग दोन पदरीच, ट्रक अंगावरून जात होते. हात दाखवला तर कुणी थांबेना. तासाभरानं केंद्रावर कापूस घालून रिकामी परतणारी एक बंडी थांबली. बंडीवाल्यानं काही विचारलं नाही. दोर काढला, गाडीच्या पुढच्या हुकात अडकवला, बैलांना हाक दिली. मी स्टिअरिंगवर, बाबा बंडीत पुढे. बंडी जराही करकरत नव्हती. मानाच्या फाट्यावर सोडून तो निघाला, तेव्हा बाबांनी त्याच्या बंडीखालच्या नळ्याला नुसता हात लावला.

तिथून एसटी मिळायला मध्यरात्र उलटली. पहाटे अकोल्याला पोचलो तेव्हा आत्याला जाऊन चार तास झाले होते. फोन आला तेव्हा ती बोलत होती, भावाला विचारत होती, असं आतेभावानं सांगितलं. बाबा मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतर त्यांच्या हयातीत कधीच नाही. मी मात्र त्यांना मिस्त्र्यानं सप्टेंबरात काय सांगितलं होतं ते सांगितलं. सांगायला दोन वर्षं घेतली. ते एवढंच म्हणाले, ‘‘बंडी बोंबलते रे. हे बोललंच नसंन.’’ माझ्यासाठी त्यांनी काढलेली ती पळवाट होती. बोललं होतं, एक महिना बोलत होतं.

दुरुस्ती मी शेजारी उभा राहून पाहिली. चाक काढलं, हबचा मोठा नट सोडवला, खालचा जोड निखळवून एक्सल बाहेर ओढला. नवा जॉइंट मिळून बिल दोन हजारांच्या पुढे गेलं. उजव्या बाजूचा बूट शाबूत होता, पण मिस्त्र्यांनी तोही उघडला. वाटी रॉकेलमध्ये धुऊन एकेक छर्रा कडेला फिरवून त्याला उजेड दाखवला, खाचेतून नख फिरवून पाहिलं. नखाला पायरी लागली तर जॉइंट टाकायचा, नाही लागली तर नवं काळं ग्रीस भरून नवा बूट चढवायचा. ग्रीस मापात. जास्त भरलं तर बूट फुगतो आणि पट्टीतून सुटतो. बूट चढवल्यावर आतली हवा थोडी सोडायची, मग पट्टी आवळायची. जुनी पट्टी परत वापरायची नाही. एक्सल न काढता चिकटवता येणारे, उभे चिरलेले बूटही मिळतात. वाटेत अडलात तर ठीक, पण आमच्या मिस्त्र्यांचा त्यावर विश्वास नव्हता आणि माझाही नाही. धूळ चिकटायच्या जागी शिवण असू नये.

पाहायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवायचं, बॅटरीच्या उजेडात घड्या बोटांनी उघडून पाहायच्या, मग दुसरीकडे. चाकाच्या रिंगला आतून काळे शिंतोडे दिसले तर चीर असणारच. दोन मिनिटांचं काम. बाबा १९९२ मध्ये पुढच्या चाकाशी उकिडवे बसून नेमकं हेच करत होते.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्याच वर्षी ॲम्बेसेडरचंही. आता विजेच्या मोटारी आल्या आहेत. माझ्या मुलानं एक घेतली. इंजिन नाही, त्यातलं तेल नाही, गिअर टाकायचे नाहीत. चाकं मात्र वळतातच, म्हणून एक्सल आहे आणि एक्सलला बूटही आहे. त्याला हे दाखवलं तर म्हणतो, सर्व्हिसिंगला पाहतात ना बाबा. मी काही बोलत नाही.

सहा नंबरचा महामार्ग आता त्रेपन्न नंबरचा झालाय. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. ज्या जागी माझी गाडी बसली होती, तिथून आता वाहनं शंभरच्या वेगानं जातात. मला ती जागा नेमकी सापडत नाही, रस्ता उंच झालाय आणि कडेची बाभळं गेली. मानाला मात्र मी चहाला थांबतो. स्टिअरिंग एका बाजूला वळवून उतरतो आणि चाकाशी वाकतो. परवा टपरीवरच्या पोरानं विचारलं, ‘‘काका, काही पडलं काय?’’

‘‘नाही बापा,’’ मी म्हटलं, ‘‘पाहून राह्यलो.’’